‘सेरोटोनिन संपलं का माझं?’ : वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

मागच्या वेळी डिप्रेशनच्या गोळ्यांवर लिहिलं तेव्हा सेरोटोनिनचा, म्हणजे मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप द्यायला वापरतात त्या एका रसायनाचा, विषय निघाला होता, आणि त्यानंतर जे मेल आले त्यातले बरेचसे गोळ्यांबद्दल नव्हतेच, पार्टी ड्रग्जबद्दल होते, विशेषतः एमडीएमए म्हणजेच एक्स्टसीबद्दल. कुणी स्वतःबद्दल विचारलंय, कुणी भावाबद्दल, कुणी मुलाबद्दल. नावं सगळ्यांची काढून टाकलीयत. इथे कुणालाही रागवायचं नाहीये, उलट विचारलंत हे फार बरं केलंत, कारण या विषयावर लोक डॉक्टर सोडून बाकी सगळ्यांना विचारतात.

प्रश्न : डॉक्टर, मी 24 वर्षांचा आहे. शनिवारी मित्रांबरोबर एमडीएमए घेतलं, पहिल्यांदा नाही, आधीपण घेतलंय. रविवार ठीक गेला पण सोमवार संध्याकाळपासून काहीच बरं वाटत नाहीये, मंगळवारी तर ऑफिसच्या बाथरूममध्ये उगाचच रडू आलं. मित्र म्हणतो सेरोटोनिनची टाकी रिकामी झालीय, भरेल आपोआप. खरंच असं असतं का? किती दिवसांत भरते?

तुझा मित्र अर्धा बरोबर आहे. टाकी रिकामी होते हे खरं, पण तेवढंच झालं असतं तर फार काळजी नव्हती. इथे टाकी भरणारं यंत्रही बंद पडतं, हे त्याला माहीत नाही.

नीट सांगते. मेंदूत सेरोटोनिन बनवणाऱ्या पेशी अगदी थोड्या असतात, अब्जावधी पेशींमधल्या जेमतेम काही लाख, आणि त्या मेंदूच्या तळाशी ब्रेनस्टेममध्ये राफे नावाच्या भागात बसलेल्या असतात, पण त्यांचे तंतू जवळजवळ सगळ्या मेंदूभर पसरलेले असतात. जेवणातून येणाऱ्या ट्रिप्टोफॅनपासून या पेशी सेरोटोनिन बनवतात, ते छोट्या छोट्या पिशव्यांत साठवतात, आणि सिग्नल आला की पुढच्या पेशीच्या दिशेनं थोडंसं सोडतात. काम झालं की ते परत आत ओढून घ्यायचं काम सर्ट नावाचा एक ट्रान्सपोर्टर करतो. डिप्रेशनच्या एसएसआरआय गोळ्या या सर्टला अडवतात, त्यामुळे सेरोटोनिन बाहेर जरा जास्त वेळ राहतं. पण किती सोडायचं हे पेशीच ठरवते.

एमडीएमए वेगळंच करतं. ते सर्टमधूनच पेशीत शिरतं, आतल्या पिशव्यांमधलं सेरोटोनिन मोकळं करतं आणि सर्टची दिशाच उलटी करून टाकतं, म्हणजे जो आत ओढत होता तोच आता बाहेर ओतायला लागतो, सिग्नल असो नसो. तुला त्या रात्री सगळे आपले वाटले, भीती गेली, गाणं अंगात भिनलं, त्यात याचा मोठा वाटा आहे. (सोबत ऑक्सिटोसिन वाढतं, नॉरअ‍ॅड्रेनॅलिनही भरपूर सुटतं, जबडा आवळतो, छाती धडधडते.) काही तासांत साठा खाली येतो.

आता यंत्राबद्दल. ट्रिप्टोफॅनपासून सेरोटोनिन बनवायची पहिली पायरी ज्या एन्झाइमवर चालते, ट्रिप्टोफॅन हायड्रॉक्सिलेज, तेच एमडीएमएमुळे निकामी होतं. उंदरांवरच्या प्रयोगांत हे तासाभराच्या आतच दिसतं आणि पूर्ववत व्हायला आठवडे लागू शकतात, कारण एन्झाइमची जी कॉपी बिघडली ती दुरुस्त होतेच असं नाही, पेशीला नवी बनवावी लागते. तिसरी गोष्ट रिसेप्टरची, म्हणजे समोरच्या पेशीवर सेरोटोनिन पकडणाऱ्या जागांची. एकदम एवढा पूर आल्यावर समोरच्या पेशी आपले रिसेप्टर मागे घेतात किंवा त्यांची संवेदना कमी करतात. म्हणजे साठा, एन्झाइम, रिसेप्टर, सगळं आपापल्या वेगानं परत येतं आणि ‘किती दिवसांत भरते’ याला एक आकडा देता येत नाही. उतरती कळा लागली म्हणून पुन्हा घेऊन बघितलं तर तसं वाटत नाही, ते याचमुळे. आत सोडायला काही उरलेलंच नसतं, फक्त धडधड आणि ताप वाढतो.

पण मंगळवारच्या रडण्याचं सगळं खापर सेरोटोनिनवर फोडू नकोस. 1997 मध्ये लंडनच्या संशोधकांनी वीकेंडला एमडीएमए घेणारे आणि नुसती दारू पिणारे असे दोन गट पाहिले होते, त्यात आठवड्याच्या मधे मूड पडणं एमडीएमए गटात जास्त दिसलं. याउलट अलीकडे क्लिनिकमध्ये, दिवसा, शुद्ध आणि मोजून दिलेल्या डोसच्या ट्रायल्समध्ये हा मधल्या आठवड्यातला खड्डा तितकासा दिसत नाही. मग पार्टीत जास्त काय असतं? रात्रभर जागरण, पोटात काही नाही, तासन्‌तास नाच, दारू, वर दुसरा डोस, आणि गोळीत नेमकं काय आहे याचा पत्ता नाही. हे सगळं मिळून तुझा मंगळवार झालाय.

बहुतेकांचं हे काही दिवसांत ओसरतं. झोप पूर्ण कर, दारू टाळ. दोन आठवडे झाले तरी तसंच वाटत असेल किंवा जगण्यात अर्थ नाही असे विचार यायला लागले, तर टाकी भरायची वाट बघत बसू नकोस, सरळ डॉक्टरकडे जा. विचार आज येत असतील तर आजच जा.

प्रश्न : डॉक्टर मॅडम, माझा लहान भाऊ वर्षभर एस्सिटालोप्रॅम घेतोय. मला नुकतंच कळलं की तो पार्टीत गोळ्या पण घेतो. तो म्हणतो एस्सिटालोप्रॅम चालू असलं की पार्टीवाल्या गोळीची मजा येत नाही म्हणून तो आधी तीन दिवस औषध बंद ठेवतो. घरी कुणाला माहीत नाही. हे किती धोक्याचं आहे? त्याच्या डॉक्टरांना सांगू का?

ताई, या सगळ्या मेलमध्ये मला सगळ्यात जास्त काळजी तुमच्या भावाची वाटली.

मजा येत नाही हे तो खरं सांगतोय आणि त्याचं कारणही साधं आहे. एस्सिटालोप्रॅम ही वर सांगितलेल्या एसएसआरआय गोळ्यांपैकीच एक. एमडीएमए पेशीत शिरतं सर्टमधून आणि तो सर्ट एस्सिटालोप्रॅमनं अडवून ठेवलाय. पण मजा कमी म्हणजे धोका कमी असा हिशोब इथे लागत नाही. पहिलं म्हणजे लोक मग डोस वाढवतात. दुसरं म्हणजे एमडीएमए लिव्हरच्या ज्या एन्झाइमनं मोडतं, सीवायपी2डी6, ते काही अँटिडिप्रेसंट गोळ्या दाबून ठेवतात, विशेषतः पॅरॉक्सेटिन आणि फ्लुओक्सेटिन, आणि एमडीएमए स्वतःसुद्धा तेच एन्झाइम दाबतं. म्हणून एक गोळी जेवढं रक्तात चढवते, त्याच्या दुप्पट दुसरी गोळी चढवेल असं समजू नका, त्याहून जास्त चढते. पहिली लागली नाही म्हणून तासाभरानं दुसरी घेणारे नेमके इथे अडकतात.

आणि तीन दिवस बंद ठेवण्यानं काय होतं? एस्सिटालोप्रॅमची अर्धी मात्रा शरीराबाहेर जायला साधारण 30 तास लागतात, म्हणजे तीन दिवसांनीही थोडं उरलेलंच असतं, आणि त्याचवेळी ते अचानक कमी झाल्यामुळे चक्कर, चिडचिड, डोक्यात करंट बसल्यासारखं वाटणं, झोप उडणं हे सुरू होऊ शकतं. म्हणजे ज्या आजारासाठी औषध चालू आहे तो आजार उघडा टाकून, वर सेरोटोनिनची यंत्रणा ढवळून, मग पुन्हा सोमवारी औषध चालू. हे महिन्यातून एकदा जरी होत असलं तरी त्याच्या डॉक्टरांना वाटत राहणार की औषधाचा गुण येत नाहीये, आणि ते बिचारे डोस वाढवत बसणार!

सगळ्यात मोठा धोका मात्र मिश्रणाचा, त्यात सेरोटोनिन प्रमाणाबाहेर वाढतं, त्याला सेरोटोनिन सिंड्रोम म्हणतात. एकट्या एसएसआरआयबरोबर तो तितका सहज होत नाही, कारण दरवाजा अडवलेला असतो, पण तेवढ्यावर निर्धास्त राहू नका. खरी जीवघेणी जोडी आहे ती एमएओ इन्हिबिटर गटातल्या औषधांबरोबरची, उदाहरणार्थ फेनेलझिन, ट्रॅनिलसायप्रोमिन, मोक्लोबेमाइड. सेरोटोनिन मोडणारं एमएओ नावाचं एन्झाइम ही औषधं बंद करतात, म्हणजे एकीकडून पूर सोडायचा आणि दुसरीकडून निचऱ्याची वाट बुजवायची. यात माणसं मेलेली आहेत. लिनेझोलिड हे अँटिबायोटिक आहे, पण तेही एमएओ दाबतं. ट्रॅमाडॉल ही दुखण्याची गोळी आणि खोकल्याच्या काही औषधांतलं डेक्स्ट्रोमेथॉर्फन हीसुद्धा सेरोटोनिन वाढवतात. यातलं काही कुणाच्या लक्षात येत नाही कारण ती ‘साधी’ औषधं वाटतात. आणि एमडीएमए म्हणून विकलेल्या गोळीत कधीकधी पीएमए नावाचं रसायन निघतं, ते हळू चढतं म्हणून लोक दुसरी गोळी घेतात, आणि ते स्वतःच एमएओ पण दाबतं. पीएमएमुळे कित्येक देशांत मृत्यू झालेत.

हे ओळखायचं कसं ते घरच्यांना माहीत पाहिजे. बहुतेक वेळा घेतल्यापासून काही तासांत सुरू होतं, साधारण 24 तासांच्या आत. माणूस अस्वस्थ, एका जागी बसवत नाही, घामानं निथळतोय, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, जबडा आवळलेला, अंग थरथरतंय, जुलाब. आम्ही कॅज्युअल्टीत एक साधी गोष्ट करून बघतो, पेशंटला झोपवून त्याचं पाऊल घोट्यातून झटकन वर ढकलून तसंच धरून ठेवायचं, आणि पाऊल हातात आपोआप ठकठक ठकठक उडायला लागतं, थांबतच नाही. त्याला क्लोनस म्हणतात. हातापेक्षा पायांत जास्त दिसतं. ज्यानं एकदा हाताला ते जाणवून घेतलंय त्याला ते निदान चुकत नाही. यात जो ताप चढतो तो मेंदूच्या थर्मोस्टॅटमुळे नाही, स्नायू सतत आवळत राहिल्यामुळे चढतो, म्हणून पॅरासिटामॉल देऊन काही उपयोग नसतो. अंग गार करणं, शांत करणारी बेंझोडायझेपिन गटाची इंजेक्शनं, गरज पडली तर सेरोटोनिनला अडवणारं सायप्रोहेप्टाडिन, आणि फारच वाढलं तर आयसीयू. हे घरी होण्यासारखं काम नाही, तेव्हा अशी लक्षणं दिसली की थेट हॉस्पिटल, आणि तिथे काय घेतलं ते लपवायचं नाही.

अजून एक, अंग तापलंय म्हणून बाटल्याच्या बाटल्या पाणी पाजू नका. एमडीएमएमुळे शरीरात पाणी धरून ठेवणारं हॉर्मोन वाढतं, त्यावर नुसतं पाणी ढोसलं की रक्तातलं सोडियम खाली येतं, मेंदूला सूज येते आणि फिट येऊ शकते. तरुण मुलं यानं दगावली आहेत.

डॉक्टरांना सांगू का, विचारलंत. आधी भावाशी बोला. घरच्यांना सांगायची धमकी न देता. त्याला म्हणा की तूच तुझ्या डॉक्टरांना सांग, मी सोबत येते. आम्हाला पेशंट मोठा असेल तर त्याची गोष्ट घरच्यांना सांगता येत नाही, पण घरच्यांचं ऐकून घ्यायला काही अडचण नसते, त्यामुळे तो अगदीच तयार झाला नाही तर तुम्ही त्याच्या डॉक्टरांना एक फोन नक्की करा. आणि तोपर्यंत औषध मनानं बंद-चालू करणं थांबलं पाहिजे, हे त्याला स्पष्ट सांगा.

प्रश्न : कोकेन, मेथ हे सगळं डोपामिनचं काम ना? मग त्यात सेरोटोनिन कुठून आलं?

डोपामिन (मेंदूतलं निरोप देणारं असंच दुसरं रसायन) मुख्य आहेच, पण तेवढंच नाही. कोकेन डोपामिन, नॉरअ‍ॅड्रेनॅलिन आणि सेरोटोनिन अशा तिन्हींचे ट्रान्सपोर्टर अडवतं. यावर एक फार छान प्रयोग आहे. संशोधकांनी जनुक बदलून असे उंदीर तयार केले ज्यांना डोपामिन ट्रान्सपोर्टरच नव्हता. आता यांना कोकेन आवडणार नाही असं वाटलं होतं, पण ते तरीही जिथे कोकेन मिळालं होतं त्याच कोपऱ्यात जाऊन बसायचे. मग 2001 मध्ये डोपामिन आणि सेरोटोनिन दोन्हींचे ट्रान्सपोर्टर नसलेल्या उंदरांवर करून पाहिलं, तेव्हा कुठे ती ओढ गेली.

मेथॅम्फेटामिन डोपामिनवर जास्त जोर मारतं, पण जास्त मात्रेत सेरोटोनिनच्या तंतूंनाही सोडत नाही. जपानमधल्या संशोधकांनी 2006 मध्ये मेथ सोडलेल्या लोकांच्या मेंदूचे पेट (PET) स्कॅन केले होते, त्यात सेरोटोनिन ट्रान्सपोर्टर कमी दिसले आणि ज्यांच्यात जास्त कमी त्यांच्यात आक्रमकपणा जास्त असाही संबंध दिसला. घरचे म्हणतात ना, सोडलंय तरी चिडका झालाय, ते नुसतं स्वभावावर घालू नका. मेफेड्रोन, बातम्यांमध्ये ज्याला एमडी म्हणतात, ते डोपामिन आणि सेरोटोनिन दोन्ही सोडायला लावतं आणि पटकन उतरतं, म्हणून माणूस एका रात्रीत परत परत घेत राहतो. एमडी आणि एमडीएमए एकच समजणारे खूप आहेत, ती दोन वेगळी रसायनं आहेत.

प्रश्न : माझा मुलगा 27 वर्षांचा आहे. कॉलेजची शेवटची दोन वर्षं तो जवळजवळ दर आठवड्याला एक्स्टसी घेत होता हे त्यानं स्वतःच आम्हाला सांगितलं. आता वर्ष झालं, पूर्ण बंद आहे. मी वाचलं की यानं मेंदूला भोकं पडतात आणि कायमचं नुकसान होतं. त्याला कधीकधी नावं आठवत नाहीत, लगेच टेन्शन येतं. मी आई आहे, मला झोप लागत नाही. खरं काय ते सांगा.

सगळ्यात आधी, भोकं पडत नाहीत. ती रंगीत स्कॅनची चित्रं दाखवली जायची ना, त्यात काळे डाग दिसतात ते भोकं नव्हेत, त्या भागातली रक्ताची हालचाल कमी दाखवणारा रंग असतो तो. ते मनातून काढून टाका.

आता खरं काय ते. प्राण्यांमध्ये मोठे डोस परत परत दिले की सेरोटोनिनच्या तंतूंची टोकं खराब होतात, हे 1980 च्या दशकापासून उंदीर आणि माकडं दोन्हींत दिसलेलं आहे. पेशीचं मूळ बहुतेक वाचतं, टोकं जातात. काही प्रमाणात परत उगवतात, पण सगळीकडे पूर्वीसारखी उगवत नाहीत. शरीर जितकं तापलेलं तितकं नुकसान जास्त, प्राण्याला गार ठेवलं तर बरंच वाचतं, असंही दिसलंय. (एका गाजलेल्या पेपरबद्दलही सांगते, कारण त्याची भीती अजून फिरते. 2002 मध्ये सायन्स या जर्नलमध्ये आलं होतं की एका रात्रीच्या डोसनं डोपामिनच्या पेशीही जातात, पार्किन्सनचा धोका. पुढच्या वर्षी तो पेपर मागे घ्यावा लागला, कारण बाटल्यांच्या लेबलमध्ये गडबड होऊन बहुतेक प्राण्यांना एमडीएमएऐवजी मेथॅम्फेटामिन दिलं गेलं होतं.)

माणसांत पेट स्कॅनवर भरपूर घेणाऱ्यांच्या मेंदूच्या बाहेरच्या थरात सर्ट कमी दिसतो, हे वेगवेगळ्या टीमना सापडलंय. थोडं घेणाऱ्यांत तसं ठळक दिसत नाही. आणि ज्यांनी सोडून बरेच महिने झालेत त्यांच्यात तो नॉर्मलच्या जवळ आलेला दिसतो. शिवाय स्कॅनमध्ये ट्रान्सपोर्टर कमी दिसला म्हणजे तंतू मेलाच असं नाही, पेशीनंच तो कमी केलेला असू शकतो. हे लोक सोबत गांजा, दारू, बाकी ड्रग्जही घेतलेले असतात आणि आधीचा त्यांचा मेंदू कसा होता याचा स्कॅन कुणाकडे नसतो, त्यामुळे कुठल्या गोष्टीचा दोष किती हे वेगळं काढणं अवघड जातं.

आठवणीचं म्हणाल तर ऐकलेले शब्द, नावं लक्षात राहणं हे भरपूर घेणाऱ्यांत सरासरीनं थोडं कमी निघतं. थोडं. रोजचं काम अडावं इतकं बहुतेकांत नसतं. स्कॅन सुधारतो त्याच वेगानं आठवण सुधारते का, हे मात्र तितकं सरळ नाही, काहींची मागे रेंगाळते.

तुमच्या मुलाकडे दोन गोष्टी चांगल्या आहेत, त्यानं वर्षभर पूर्ण बंद ठेवलंय आणि त्यानं स्वतः सांगितलंय. नावं विसरणं टेन्शन आणि कमी झोपेमुळेही होतं, आणि ते दोन्ही उपचारानं सुधारतं. तेव्हा त्याला एकदा मानसोपचारतज्ज्ञांकडे टेन्शनसाठी म्हणून न्या, ‘मेंदू खराब झाला का ते बघायला’ म्हणून नको. आठवणीची टेस्ट करून घ्यायची असेल तर करा, ती कागद-पेन्सिलवरची असते, स्कॅनची गरज नाही. आणि त्यानं एखादं नाव विसरलं की तुमचा चेहरा बदलतो ना, तो त्याला दिसतो. तेवढं सांभाळा. तुमची स्वतःची झोप महिनोन्‌महिने उडालेली असेल तर त्याच भेटीत तुमच्याबद्दलही बोला.

प्रश्न : पार्टीनंतर 5-एचटीपीच्या कॅप्सूल घेतल्या की सेरोटोनिन भरून येतं असं सगळे सांगतात. आणि रक्तातलं सेरोटोनिन तपासून बघता येतं का?

5-एचटीपी म्हणजे सेरोटोनिनच्या एक पायरी आधीचं रसायन. बंद पडलेलं एन्झाइम ओलांडून ते थेट पुढे जातं, म्हणून कल्पना कागदावर बरी वाटते, पण यानं मूड लवकर सुधारतो असं माणसांत नीट सिद्ध झालेलं नाही. ड्रग शरीरात असताना किंवा एसएसआरआय चालू असताना घेतलं तर वर सांगितलेल्या सेरोटोनिन सिंड्रोमचा धोका वाढतो. कृपा करून मनानं घेऊ नका.

रक्ताची टेस्ट असते, पण ती मेंदूबद्दल काही सांगत नाही. शरीरातलं 90 टक्क्यांहून जास्त सेरोटोनिन आतड्यात असतं, रक्तातलं प्लेटलेट्समध्ये भरलेलं असतं, आणि रक्तातून ते मेंदूत शिरूच शकत नाही. ती टेस्ट आम्ही काही विशिष्ट प्रकारच्या गाठींच्या शोधात वापरतो. तुम्ही तो रिपोर्ट घेऊन माझ्याकडे आलात तर मी बाजूला ठेवीन आणि विचारीन, झोप किती लागते, जेवण जातं का, कामात मन लागतं का, काय घेतलं होतं, कधी, किती आणि सोबत आणखी कुठलं औषध चालू आहे.